खेळण्यांच्या कपाटाची चावी

सोमवार, ६ जानेवारी २०२५

ही डायरी तुडीलहून माझा भाऊ दरवर्षी पाठवतो. पतसंस्थेची असते, वर गणपती छापलेला. दरवर्षी ती कोरीच रद्दीत जाते. यंदा लिहायला बसले, कारण वाडीत कुणाला मनातलं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत ते विहिरीवर पोचतं. अंगणवाडीच्या वह्या मी चौदा वर्षं लिहितेय, पण त्या तपासणीला येणाऱ्या मॅडमनी वाचायच्या असतात. ही कुणी वाचायची नाही.

काल माझा मुलगा अश्विन नातीला, सेजलला, माझ्याकडे सोडून गेला. सूनबाईला, पूनमला, आठवा महिना लागतोय, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय, म्हणून पोर तीन महिने माझ्याकडे. चार वर्षांची आहे. आजवर माझ्या वाट्याला ती शिमग्याचे दोन दिवस आणि गणपतीचे पाच दिवस आली, तेही अर्धी झोपेत. अश्विन सतराव्या वर्षी मुंबईला गेला तो पाहुणाच झाला. पोरीला माझा लळा लागला तर मे महिन्यात ती हट्ट करेल, तिच्यामागे आई-बाप येतील. हे मी यांनाही बोलले नाही.

आज तिला अंगणवाडीत नेलं. आजी अंगणवाडीची बाई आहे, सगळी पोरं आजीचं ऐकतात, हे तिला दिसावं असं मला फार वाटत होतं. तिने खोलीभर पाहिलं, भिंतीवरचे तक्ते पाहिले, मग लोखंडी कपाटापाशी जाऊन विचारलं, यात काय आहे. मी म्हटलं, खेळणी. उघड म्हणाली. मी म्हटलं, मॅडम आल्या की उघडायचं. चार वर्षांपूर्वी खेळण्यांचा पूर्ण संच आलाय, चित्रांची कार्डं, ठोकळे, चेंडू, हातात घालायच्या बाहुल्या. वरच्या गावातल्या बाईचा एक चेंडू हरवला तर तिला दोन पानी खुलासा लिहून द्यावा लागला होता. म्हणून माझ्या कपाटाची चावी माझ्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात. अंघोळीलासुद्धा काढत नाही.

त्यानंतर सेजल उठली आणि पडवीत मदतनीस बनुबाई चूल पेटवत होती तिच्यापाशी जाऊन बसली. बारा वाजेपर्यंत तिथेच.

गुरुवार, ९ जानेवारी

बनुबाईबद्दल लिहून ठेवते, म्हणजे उद्या मला कुणी म्हणायला नको की मी उगाच बोलते. वय पंचावन्नच्या पुढे, वरच्या धनगरवाड्यातली. चार म्हशी, दोन गाई. अंगठा सोडून सही करायला मीच शिकवली. खिचडी शिजवायची, पाणी भरायचं, झाडायचं, एवढं तिचं काम. कामाला चोख आहे, खोटं कशाला बोलू.

पण पोरं मला बाई म्हणतात आणि तिला मावशी. चौदा वर्षांत एकदाही मला कुणी मावशी म्हटलं नाही.

आज तिने चुलीतली थंड राख ताटलीत पसरली. सेजलने त्यात बोट फिरवलं, गोल काढला. बनुबाईने ताटली हलवली, गोल गेला. सेजलने पुन्हा काढला. एवढाच खेळ. अर्धा तास चालला आणि हळूहळू अकराच्या अकरा पोरं पडवीत जमली. खोलीत मी आणि फळांचा तक्ता उरलो. नंतर मला सगळ्यांचे हात धुवावे लागले.

घरी विचारलं, आज काय शिकलीस. म्हणाली, मावशीकडे जादूची पाटी आहे.

शुक्रवार, १७ जानेवारी

पोरं आता माझ्या आधी येतात. मी साडेनऊला पोचते तर ती आत. आयांना वाटतं, बाईंनी काहीतरी गोडी लावली. चांगूची आई वाटेत थांबून माझे आभार मानून गेली. मी मान हलवली.

आज बनुबाईने गाईच्या गळ्यातली घंटा आणली होती. सगळ्यांनी डोळे मिटायचे. ती अनवाणी कुठल्यातरी कोपऱ्यात जाऊन घंटा एकदाच वाजवते. जिकडून आवाज आला तिकडे पोरांनी बोट दाखवायचं. मग गाय कुणाकडे आली ते ओळखायचं. चांगू, ज्याला मी सहा महिने 'खाली बस' सांगतेय, तो डोळे गच्च मिटून पाच मिनिटं बसला. मला ते बघवेना. मी रजिस्टर उघडून मान खाली घातली, पण बोट माझंही आवाजाच्या दिशेने गेलं. कुणी पाहिलं नसावं.

शनिवार, २५ जानेवारी

काल पोलादपूरला बैठक होती. माधुरी मॅडम आमच्या पर्यवेक्षिका, वयाने माझ्यापेक्षा लहान पण बोलतात मोजकं. म्हणाल्या, विकत न आणता, घरातल्या नि आवारातल्या वस्तूंचे खेळ प्रत्येकीने वहीत लिहा. कृती, साहित्य, मुलांना काय मिळालं, सगळं. सगळ्यांत चांगली वही असेल त्या केंद्रावर प्रात्यक्षिक, बाकीच्या सेविका बघायला येतील.

संध्याकाळी वही घेऊन बसले. माझे खेळ आठवायला लागले. कार्ड दाखवून नाव सांगणे. गाणं म्हणणे. पुढे काही सुचेना. मग राखेचा लिहिला. घंटेचा लिहिला. पोत्यात हात घालून वस्तू ओळखायचा लिहिला, एखादं पान दाखवून तसंच पान शोधून आणायचा लिहिला, मोठे दगड म्हशी आणि बारके दगड रेडकं मांडून कुणाचं पिल्लू हरवलं ते सांगायचा लिहिला. असेच आणखी दोन आठवले, सगळे मिळून नऊ खेळ झाले. त्यातले सात कुणाचे ते मला माहीत आहे.

पण ती नुसती खेळते. यातून श्रवण वाढतं, स्पर्श वाढतो, मोजणी होते, हे तिला कुठे ठाऊक आहे? ते मी लिहिलं. माझं शिक्षण त्यात आलंच ना. अक्षर फार सुंदर आलंय.

सोमवार, ३ फेब्रुवारी



सेजलला अंघोळ घालताना तिच्या गळ्यात काळा दोरा दिसला. दोऱ्याला वाकडी काडी बांधलेली, टोकाला दोन खाचा पाडलेल्या. विचारलं, कुणी बांधला. म्हणाली, मावशीने. कशाला बांधला? तर ओठ मिटून म्हणाली, "सिक्रेट आहे."

मला एकदम सगळं कळलं. उगाच का पोर महिनाभर तिच्या पाठीशी लागलीय. धनगरवाड्यात जनावरांना मंतरलेलं काय काय बांधतात ते मी लहानपणापासून पाहिलंय. माझ्या नातीला बांधलं. मी कात्री घेतली आणि दोरा कापून चुलीत टाकला.

सेजल इतकी रडली की श्वास अडकला. मला मारलं तिने, दोन्ही हातांनी, छातीवर. चावी लागली तिच्या बोटाला. रात्री भात खाल्ला नाही, यांच्या कुशीत जाऊन झोपली. हे मला म्हणाले, काडीच होती ती. यांना कधी काही दिसतं का?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बनुबाईला स्पष्ट बोलले. आवाज चढवला नाही. ती म्हणाली, "पोरीनं मागितला म्हून बांधला बाई. तिला पायजे व्हता तसाच..." मी पुढचं ऐकून घेतलं नाही. सांगितलं की उद्यापासून खेळाच्या तासाला तिने चुलीपाशी बसायचं, खोलीत यायचं नाही, तो माझा तास आहे. पोरं तिथेच उभी होती. तिने पदराने हात पुसले, बरं म्हणाली. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

सोमवार, १० फेब्रुवारी

आठवडाभर मी खेळ घेतेय.

आज पोत्याचा घेतला. बनुबाईचं पोतं नको, घरून स्वच्छ उशीचा अभ्रा नेला. आत कणीस, करवंटी, वाटी, कंगवा आणि एक फणसाची वाळकी आठळी टाकली. सगळ्यांना ओळीत बसवलं, बोट वर केल्याशिवाय बोलायचं नाही म्हटलं. अक्षयने हात घातला आणि कंगव्याला वाटी म्हणाला. मी म्हटलं, चूक. तो रडायला लागला. पुढच्या पोरीने हातच घातला नाही. चांगूने अभ्रा डोक्यात घातला. आठ मिनिटांत खेळ संपला. घड्याळ पाहिलं मी.

मग चांगू म्हणाला, मावशीला बोलवा, मावशी आल्याशिवाय पोत्यात काय नाय सापडत. सेजलने शू आली म्हणून सांगितलं आणि गेली ती चुलीपाशी. जाताना मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

त्याच वस्तू, तोच खेळ. ती काय करते जे मी करत नाही? तिचा हेवा वाटतो हे लिहायला मला आता लाज वाटत नाही. डायरीच आहे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सेजलच्या गळ्यात पुन्हा दोरा आहे. पुन्हा तसलीच काडी, तशाच दोन खाचा. झग्याच्या आत लपवते. या वेळी मी कापला नाही. मागच्या वेळचं रडणं अजून कानात आहे. बनुबाईला विचारलं नाही, सेजललाही नाही. नजर ठेवून आहे.

एक मात्र पाहिलं. पोर बसली की मधूनच छातीवर हात नेऊन काडी जागेवर आहे ना ते चाचपते. वाईट सवय लावलीय.

गुरुवार, २० फेब्रुवारी

माझी वही निवडली!

मॅडमचा फोन आला. प्रात्यक्षिक आमच्याच वाडीवर, मार्चमध्ये. आधी वीस तारीख म्हणाल्या, मग त्यांनाच आठवलं की त्या दिवशी महाडला चवदार तळ्यावर माणूस मावत नाही, एकही गाडी मिळायची नाही, म्हणून चोवीस ठरली. आठ सेविका येणार. यांना सांगितलं, भावाला फोन केला, अश्विनला फोन केला. अश्विन म्हणाला, आई, भारी. खूप दिवसांनी माझ्याशी दोन मिनिटांच्या वर बोलला.

बनुबाईला मी सांगितलं नव्हतं. तिला कुठून तरी कळलं. दुपारी पितळी डबा घेऊन आली. म्हैस व्यालीय, चिकाचा खरवस केला होता. म्हणाली, "बाईंचं नाव झालं, तोंड गोड करा." तिला माहीत नाही वहीत काय आहे.

खरवस खाल्ला. वेलची बेताची, गूळ बेताचा. इतका छान झाला होता की त्याचाही राग आला.

बुधवार, ५ मार्च

प्रात्यक्षिक एकोणीस दिवसांवर आलंय आणि पोरं माझ्याजवळ खेळत नाहीत. रोज तालीम घेते, रोज कुणीतरी रडतं. शेवटी आज बनुबाईला म्हटलं, पाणी भरून झालं की जरा इकडे येऊन बसा, पाय दुखत असतील तुमचे. तिचे पाय दुखत नव्हते. ती आली आणि बसली, मागचं काही काढलं नाही.

मग पोत्याचा खेळ सुरू झाला आणि मी मांडीवर हात ठेवून पाहत राहिले. आज पहिल्यांदा नीट पाहिलं. ती काहीच शिकवत नाही. स्वतःच आधी हात घालते, डोळे मोठे करते आणि चुकीचं नाव सांगते. कणसाला म्हणाली, गो बाय, ह्यात उंदीर हाय. पोरं ओरडून ओरडून तिला सांगतात, मावशी, कणीस हाय ते. मग ती म्हणते, असं व्हय, मला कुठं समजतंय. की लगेच दुसरं पोर पुढे, मावशीला शिकवायला.

तिला सगळं समजतं. ती मुद्दाम हरते. मी चौदा वर्षांत पोरांसमोर एकदाही चुकले नाही. चुकायचं कसं हे बैठकीत कुणी सांगितलं नव्हतं.

शुक्रवार, १४ मार्च

शिमग्याला अश्विन आलाय. रविवारी पूनमला मुलगी झाली, दोघी सुखरूप. काल होळी झाली, आज पालखी घरी आली. सेजल बापाच्या खांद्यावर बसून पालखी नाचताना बघत होती, तेवढ्या वेळात तिने त्याला सांगितलेल्या गोष्टी मी मोजल्या. मावशीची म्हैस. मावशीची घंटा. मावशी चुकते. मावशीच्या रेडकाला पांढरा टिळा आहे. आजी भाकरी करते, हे पाचवं. अश्विन हसून म्हणाला, आई, ही मावशी कोण ग, भेटव तरी. मी म्हटलं, मदतनीस आहे आमची.

दुपारी घराच्या मागे सेजल, चांगू, अक्षय आणि तिघं-चौघं खेळत होती. सेजल मधे उभी, हातात ती काडी, बाकीचे ओळीत बसलेले. मला पाहताच सगळं गप्प. काडी झग्यात गेली. चांगू तोंड दाबून हसला.

माझ्यावरच काहीतरी चाललंय त्यांचं. बनुबाईचीच शिकवण असणार. अश्विनपाशी बोलले नाही, दोन दिवस आलाय पोर. पाडवा झाला की एकतीसला पुन्हा येईल आणि दोन दिवसांनी सेजलला घेऊन जाईल. एकोणीस दिवस उरले.

सोमवार, २४ मार्च

जसं झालं तसं लिहिते.

मॅडम आणि आठ सेविका अकराला आल्या. डोंगर चढून सगळ्या घामाघूम. बनुबाईने कोकम सरबत दिलं. मी इस्त्रीची साडी नेसले होते. बनुबाईला म्हटलं होतं, सुरुवात करून द्या, मग मागे बसा. घंटेचा खेळ झाला, पोत्याचा झाला, दगडांच्या म्हशी झाल्या. सगळं नीट झालं. सेविका मोबाइलवर शूटिंग करत होत्या. वही हातोहात फिरली. मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, शर्मिलाताई, हे खेळ सुचले कसे तुम्हाला?

बनुबाई पडवीत पातेलं घासत होती, तिथून खोली दिसते. मी म्हटलं, मुलांबरोबर राहून सुचत गेले.

पातेलं घासायचा आवाज थांबला नाही.

मग मॅडम पोरांकडे वळल्या. म्हणाल्या, आता आम्ही कुणी काही सांगणार नाही, तुमच्या मनाने तुमचा आवडता खेळ खेळून दाखवा. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. चांगू म्हणाला, "बाई-बाई."

बाई म्हणजे मी. थांबवायला पुढे झाले तर मॅडमनी हात केला, राहू दे.

सेजल उठली. टॉवेल खांद्यावरून पदरासारखा घेतला आणि झग्यातून दोरा बाहेर काढून काडी छातीवर नीट ठेवली. पोरं ओळीत बसली. ती एकेकाच्या डोक्यावर तळवा ठेवून मोजत गेली, एक, दोन, तीन, आणि अक्षयचं नाक टॉवेलच्या टोकाने पुसलं, आतून बाहेर, दोनदा. मी असंच पुसते. मी असंच मोजते. मला कधी माहीत नव्हतं की मी असं करते.

मग ती भिंतीतल्या कोनाड्यापाशी गेली. कोनाड्याला पुठ्ठा लावलेला. गळ्यातली काडी पुठ्ठ्याच्या भोकात घालून फिरवली, काढली, पुठ्ठा दोनदा ओढून पाहिला, काडीवर हात ठेवला. चावी होती ती. दीड महिना माझ्या नातीच्या गळ्यात माझ्याच कपाटाची चावी होती, आणि पहिली मी कापून चुलीत घातली होती.

चांगू ओरडला, बाई, खेळणी द्या. सेजलने बोट उगारलं. "हात लावू नका, खराब होईल. मॅडम आल्या की उघडायचं." चांगूने लगेच दुसरा एक पंचा डोक्यावर घेतला, तो मावशी झाला होता. सेजल त्याला म्हणाली, "मावशी, तुम्ही चुलीपाशी बसा. हा माझा तास आहे." चांगू कोपऱ्यात जाऊन बसला आणि गुडघ्यात डोकं घालून रडण्याचं सोंग केलं.

सेविका आधी हसत होत्या. मग कुणी हसलं नाही. मला वाटलं जमीन दुभंगेल तर बरं. पडवीत आता पातेल्याचा आवाज नव्हता.

मॅडम सेजलपुढे उकिडव्या बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "अगं, मी आले की."

सेजलने त्यांच्याकडे पाहिलं, कोनाड्याकडे पाहिलं, काडीकडे पाहिलं. मग मोठ्या कपाटाकडे. ती काडी तिथे चालणार नाही एवढं तिला कळत होतं. ती माझ्यापुढे आली आणि हात पसरला.

मी दोरा डोक्यावरून काढला. कुलूप फिरेना. बनुबाईने न सांगता चुलीपाशी असलेली खोबरेलाची बाटली आणून दोन थेंब सोडले, तेव्हा फिरलं. मी ते कपाट दोन पावसाळ्यांत उघडलं नव्हतं. दर महिन्याला वहीत मात्र 'संच पूर्ण' लिहिते. आत बुरशीचा वास. कार्डं ओल लागून एकमेकांना चिकटून वीट झालेली. बाहुल्यांचे हात उंदरांनी खाल्लेले. चेंडू बसलेला, वाटीसारखा. ठोकळे तेवढे धड.

कुणी काही बोलायच्या आत चांगूने बसका चेंडू उचलून डोक्यावर ठेवला आणि म्हणाला, टोपी. अक्षयने कार्डांची वीट जमिनीवर आपटून पाहिली. दोन मिनिटांत कपाट रिकामं होतं आणि पोरांना कुठल्याच गोष्टीचं दुःख नव्हतं. सेजल सगळ्यांना एकेक वस्तू वाटत होती, डोक्यावर तळवा ठेवून.

मॅडम जाताना वही घेऊन गेल्या.

मंगळवार, २५ मार्च

सकाळी बनुबाईच्या आधी जाऊन चूल मीच पेटवली. ती आली, पाहत राहिली. मी विचारलं, त्या दिवशी दोऱ्याबद्दल तुम्ही काय सांगत होता. ती म्हणाली, "पोर म्हनाली, मला आजीसारखी चावी पायजे. मला आजी व्हायचं हाय. मी म्हटलं, चावी तर नाय माझ्याकडं, काडी हाय." मग तिने विळीवर कांदा घेतला आणि म्हणाली, पहिलीला खाचा बरोबर जमल्या होत्या, दुसरी जरा जाड झाली.

दुपारी मॅडमना फोन केला. म्हटलं, वहीतले सात खेळ बनुबाईंचे आहेत, नाव त्यांचं पाहिजे. मॅडम म्हणाल्या, माहीत आहे, तिसऱ्या पानावर 'मग मावशी डोळे मिटायला सांगते' असंच लिहिलंय तुम्ही. निवडतानाच वाचलं होतं. तुम्ही कधी सांगता ते पाहत होते. कपाटाचा खुलासा मात्र लिहून द्यावा लागेल.

पुढच्या महिन्यात महाडला खेळ दाखवायला बनुबाईंना बोलावलंय. सोबत मी. त्यांचं नाव आधी, माझं नंतर. मीच सांगितलं तसं, आणि सांगून झाल्यावर वाटलं, उलटं चाललं असतं.

बुधवार, २ एप्रिल

सेजल गेली.

परवा संध्याकाळी अश्विन आला. पाडव्याच्या पुरणपोळ्या तिच्यासाठी राखून ठेवल्या होत्या, तिने अर्धी खाल्ली. काल ती मावशीच्या वाड्यावर जाऊन रेडकाला भेटून आली. मी नेलं तिला. चढ फार आहे, वाटेत दोनदा बसले. तिने मला दगडांच्या म्हशी मांडून दाखवल्या आणि विचारलं, कुणाचं पिल्लू हरवलं. मला दिसत होतं. मी चुकीचं बोट दाखवलं. तिने कपाळावर हात मारला आणि मला शिकवलं, सगळ्या म्हशी पहिल्यापासून मांडून.

आज पोलादपूर स्टँडवर सोडायला गेलो. बनुबाईही खाली उतरली होती, म्हशींचं दूध काढायचं सोडून. मला वाटलं होतं, निदान निरोप तरी एकटीचा मिळेल. गाडी लागली तेव्हा सेजल आधी बनुबाईच्या गळ्यात पडली. मी पिशव्या मोजत उभी राहिले, तीन होत्या, चारदा मोजल्या.

मग ती माझ्यापाशी आली. वाक म्हणाली. मी वाकले. तिने आपल्या गळ्यातला दोरा काढून माझ्या डोक्यावरून घातला. काडी माझ्या चावीवर आपटली.

"ही तुझी," ती म्हणाली. "खरी मावशीला दे. मी मेमध्ये येऊन बघणार."

अश्विनला काही कळलं नाही, तो हसला. गाडी सुटली. मी आणि बनुबाई शेजारी शेजारी उभ्या. तिने काहीच मागितलं नाही, रस्त्याकडे बघत होती. मी माझा दोरा काढला आणि चावी तिच्या हातावर ठेवली. कपाटात आता आहेत तरी काय, वीसेक ठोकळे. तरी हात मोकळा करायला मला वेळ लागला.

वाटेत ती म्हणाली, कपाटात करवंट्या नि दगड ठेवू, घंटा पण ठेवू, आणि कुलूप नको लावायला. मी म्हटलं, तुम्ही ठरवा.

काडी गळ्यात आहे. अंघोळीला काढून ठेवावी लागते, नाहीतर भिजून मऊ पडेल.